शिवणीतलं जादा कापड

नवऱ्याचं वजन वाढलं तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "एकट्या साखरेच्या मागे लागू नका. काय, किती आणि केव्हा खाता, ते सगळं बघा. दोघं वेळेवर बसून साधं जेवत जा."

माझा नवरा टेलर. अर्ध्या इंचाचा फरक त्याला लांबूनही दिसतो, पण एवढी साधी गोष्ट काही डोक्यात शिरली नाही. घरी आला आणि साखर बंद. काही दिवसांनी साखर निर्दोष सुटली, लोणी पकडलं गेलं. मग पाव. सध्या बटाट्यावर डूख आहे. दर वेळी भरलेले डबे तसेच उरतात, आणि मला अन्न टाकवत नाही, म्हणून ते मी संपवते. जेवायला तो अजूनही दुकान बंद झालं की केव्हातरी उगवतो. तोवर त्याची वाट बघत मी ओट्यापाशी उभी राहून काहीबाही तोंडात टाकत असते.

आज दुकानात जाऊन त्याला चांगलं सुनावलं. "इतकं सोडलंस, पण तुझी पँट एक इंच तरी आत घ्यावी लागली का?"

कुठल्याशा निळ्या ड्रेसची शिवण उसवत होता. मान वर न करता म्हणाला, "माझी नाही लागली."

मग तो ड्रेस त्याने माझ्यासमोर धरला.

"तुझे ड्रेस मात्र कधीचे गुपचूप सैल करतोय. आता याच्या शिवणीत जादा कापडच उरलं नाही."