घरची वायर, बाहेरची लाइन

टी.

टी टी.

टीटीटीटीटी.

टी टी.

टी.

वायरमनचा हात थांबला नाही. हातातली कांडी वायरींच्या जुडग्यावरून सरकत राहिली. निळ्या वायरी संपल्या, करड्या सुरू झाल्या.

"काका, मागे राहिली की ती!" यंत्र विकायला आलेला माणूस हसला. "एवढं बोंबलतंय!"

यंत्र साधं होतं. एक डबी वरच्या मजल्यावर, बंद पडलेल्या वायरीला लावायची. ती वायरीत सूर सोडते. खाली, सगळ्या इमारतीच्या वायरी ज्या कपाटात उतरतात तिथे, ही कांडी फिरवायची. जिच्यावर ती सगळ्यात जोरात ओरडेल ती आपली वायर.

नेटवर्कची इंजिनिअर दारात उभी होती. तिने वायरमनकडे पाहिलं. तो कांडीकडे बघत होता. एकटक, थर्मामीटरमधला पारा बघावा तसा.

जुन्या कांडीला लाल दिवा होता. सूर जवळ आला की तो पेटायचा. ती कांडी मेली, म्हणून तर ही खरेदी.

या कांडीला दिवा नव्हता.

दिवा नव्हता, आणि हात पुढेच चालला होता.

शिडीवर चढणाऱ्याला खालची हाक ऐकू आली पाहिजे, असा कार्यालयाचा नियम होता. नाही आली तर आवक-जावकचं टेबल. त्या टेबलावर वायरमन एक दिवस बसला असता. दुसऱ्या दिवशी कायमचा घरी.

साहेब खुर्चीतून उठून आले. "काय हो, ऐकू येत नाही की काय?"

गमतीत म्हणाले. अजून तरी गमतीतच.

वायरमनने मान वळवली नाही.

"मुद्दाम पुढे चाललेत ते," इंजिनिअर म्हणाली. "एवढ्या गर्दीत सूर शेजारच्या वायरींवरही उतरतो. कुठवर उतरतो ते बघतायत. ऐका, करड्या वायरीवरसुद्धा वाजतंय."

टी.

वाजत होतं. विकणाऱ्याचं हसू जरा आवरलं.

"ते दुसरं दाखवा."

दुसऱ्याला छोटा पडदा होता, वायर कुठे तुटलीय ते दाखवणारा. आणि कांडीच्या टोकाला हिरवा दिवा.

"पण मॅडम, हे फक्त इमारतीपुरतं. पहिलं बाहेरची लाइनही तपासतं. शाखेची लाइन पडली की दोष तुमच्याकडे का लाइनवाल्या कंपनीकडे, तिथल्या तिथे सांगतं."

"तेच तर हवंय," साहेब म्हणाले. "शाखा रोज आपल्या नावाने शंख करतात. घरचंही बघेल, बाहेरचंही. एका दगडात दोन पक्षी."

"एक ना धड, भाराभर चिंध्या," इंजिनिअर म्हणाली.

हे खोटं होतं. पहिलं यंत्र चांगलं होतं. तिनेच ते शोधून मागवलं होतं. शाखांचे फोन साहेबांच्या टेबलावर नाही, तिच्या टेबलावर वाजायचे.

"मग बाहेरची लाइन पडली की?"

"मी कंपनीला फोन करीन."

"ते तासभर ताटकळत ठेवतात."

"ताटकळेन."

"आणि वर दोष तुमचाच म्हणतात."

"भांडेन."

साहेबांनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "तुमची मर्जी. मग माझ्याकडे रडत यायचं नाही."

"नाही येणार."

वायरमनने दुसरी कांडी उचलली. निळ्या वायरींवरून हात सरकला. दिवा पेटला. हात थांबला.

"ही," तो म्हणाला.

साहेब गेले. विकणारा पहिलं यंत्र खोक्यात भरून गेला. कपाटासमोर दोघंच उरली. पंखे घरघरत होते.

"ते पहिलं चांगलं होतं," वायरमन कपाटाशीच बोलल्यासारखा म्हणाला.

ती त्याच्या पाठीमागे होती. वळसा घालून त्याच्या पुढ्यात आली, आणि मग म्हणाली, "हो काका."

"तूच मागवलं होतंस."

"हो."

"मग हा धोंडा स्वतःच्या पायावर कशाला पाडून घेतलास, पोरी?"

"छताच्या पोकळीत तुमच्याशिवाय कोण शिरणार? मी? आत पाली असतात. मागे एकदा गेले होते, तर एवढी किंचाळले की तिसऱ्या मजल्यावरची माणसं धावत आली."

"कधी?"

"तुम्ही खालीच होतात. शिडी धरून."

वायरमनला हसू फुटलं. ती हसेपर्यंत तो एकटाच हसला, आणि ती हसू लागल्यावर थांबला.

त्याने कांडी शर्टाच्या खिशात खोचली. शिडी ओढून छताच्या झडपेखाली लावली, हलवून पाहिली, पहिल्या पायरीवर पाय ठेवला. तिच्याकडे न बघता म्हणाला,

"वर असताना हाक मारत बसू नकोस. शिडीवर थाप मार. पायांना कळतं."