आर्वोची घंटा

"जरा थांब," म्हणत आयनोने वळणावरच ट्राम उभी केली आणि तो खाली उतरला.

"थांबतो की! उद्यापासून थांबायचंच आहे," कंडक्टर मात्ती मागून ओरडला. "पण पोटात काहीतरी ढकलून ये रे, वाळून काठी झालायस!"

ट्राम कंपनीची ती शेवटची फेरी होती. तांब्याच्या खाणी बंद पडल्या, प्रवासी आटले, विजेचा खर्चही निघेना.

आमच्या गावात प्रत्येक चालकाची घंटा ओळखू यायची. आर्वोची दोन छोटी, एक लांब. ती वळणावर वाजली की त्याची बायको हिलजा कॉफी चढवायची.

मग तो धुक्याचा दिवस आला. समोरून आलेल्या गाडीवर हिरवं निशाण होतं. म्हणजे तिच्यामागे आणखी एक गाडी आहे. रूळ एकेरी; समोरची गाडी जाऊ द्यायला बगलेच्या रुळावर थांबलेल्या आयनोला ते दिसलंच नाही. गाडी गेली, रस्ता मोकळा समजून त्याने आपली ट्राम काढली. त्या गाडीमागून येणारी ट्राम आर्वोची होती. दोन्ही समोरासमोर धडकल्या.

आर्वो गेलाय हे हिलजाच्या डोक्यात शिरत नाही, असं आयनोच्या आईने, साइमाने, त्याला सांगितलं होतं. तेव्हापासून रोज संध्याकाळी आयनो त्या वळणावर आर्वोची घंटा वाजवायचा. हिलजाच्या खिडकीत दिवा लागला की पुढे जायचा.

आज त्याने तिचं दार ठोठावलं.

"काकू, आर्वोला डेट्रॉईटला धाडलंय. बस चालवायला. आता घंटा नाही वाजायची."

"लोकरीचे मोजे नेलेत का?"

"नेलेत."

"लबाड! मला न सांगता गेला." हिलजा हसली. "बस. उपाशी नाही जायचं."

साखरेचा खडा दातांत धरून आयनोने कॉफी घेतली. मांसाचं सारण भरलेली पेस्टी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. निघताना त्याने तिचे दोन्ही हात धरले.

ट्राम उताराला लागली. तिचा आवाज पार विरल्यावर आतल्या खोलीतून साइमा बाहेर आली.

"खाल्लं त्याने?"

"सगळं."

"खरं वाटलं ना त्याला?"

"वाटलं."

"तू वेडी झाल्याचं सोंग घेतलंस म्हणून माझा पोरगा जगला गं. नाहीतर त्याच रुळांवर मान ठेवणार होता."

हिलजाने कप विसळले. अपघाताच्या दिवशी याच घरामागच्या वाफेच्या न्हाणीत तिने आर्वोला शेवटची आंघोळ घातली होती.

"साइमा," तिने विचारलं, "आता मी दुखवट्याचे काळे कपडे घालू ना?"