दिव्यांच्या भिंतीवरची बाई

धाकटीचं यंत्र फसलं, तर प्रयोगशाळेच्या प्रमुखाची खुर्ची ताईला मिळणार होती.

शेजारच्या बंद खोलीत धाकटीच्या यंत्रातून इलेक्ट्रॉनांचा झोत सुटला, की त्यातून निघणाऱ्या मायक्रोवेव्ह लहरींमुळे तिथल्या भिंतीवरचे शेकडो बारीक दिवे क्षणभर पेटत. आज सगळ्या सहकाऱ्यांसमोर आतल्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत त्यांच्या मधोमध बाईएवढी काळी जागा राहिली.

"ताई, आत कोणी नाही ना गं?"

"कुलूप मीच लावलंय. तुझंच काहीतरी चुकतंय, बाई!" ताईला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. "सोड अजून एक झोत."

या फोटोत ती काळी बाई ताईसारखीच कमरेवर हात ठेवून उभी होती.

तिसऱ्या वेळी सगळे दिवे पेटले. धाकटी हर्षाने वळली आणि ताईच्या खुर्चीकडे पाहत म्हणाली, "अगंबाई, ताई कुठे गेली?"

सगळ्यांनी माणसं मोजली. खुर्चीत बसल्या बसल्या ताईनेही मोजली. एक कमीच भरलं.