बाराला तीन मिनिटं

आमच्या फिनलंडात वीस ऑगस्टला दुपारी बाराच्या ठोक्याला बदकांची शिकार सुरू होते. म्हणून आम्ही सातजण अकरापासूनच तळ्याकाठच्या लव्हाळ्यात घड्याळं बघत दबून बसलो होतो. बाराला तीन मिनिटं असताना माझ्या शेजारी सासरेबुवांची बंदूक वाजली आणि एक बदक पाण्यात पडलं.

"कोणी मारलं रे?" मागच्या झाडीतून निरीक्षक उगवला. "ज्याने मारलं त्याचा परवाना गेला!"

सगळे आपापल्या घड्याळात डोकावू लागले. मला परवाना मिळून जेमतेम आठवडा झाला होता. पण सासऱ्यांचं नाव कोण घेणार?

तेवढ्यात सासऱ्यांची कुत्री हिप्पू पाण्यात उतरली, बदक तोंडात धरून आली, आणि तिला रोज फिरवतो कोण, तर मी, म्हणून ते माझ्याच पायाशी ठेवून शेपटी हलवत बसली. निरीक्षकाने वही उघडली. मी आशेने सासऱ्यांकडे पाहिलं.

"कबूल करून टाका, जावईबापू," सासरे सुस्कारा सोडून म्हणाले, "मुकं जनावर कशाला खोटं बोलेल?"