चपटा हिरा

तानुबाईनं पदराची गाठ सोडली आणि आईची जुनी चमकी रंगनाथ सोनाराच्या तळहातावर ठेवली.

“ह्या हिऱ्याचे दोन करा.”

रंगनाथला हसू आवरेना. “तानुबाई, हिरा म्हंजे काय भाकर हाय, अर्धी अर्धी मोडून द्यायला?”

“लेकी दोन हायती माझ्या. हिरा एकच. मग काय करू?”

धाकटी कावेरी शेजारीच बसली होती. येत्या पंधरवड्यात तिचं लग्न. थोरली मनकर्णा पिशवी घेऊन बाहेर पायरीवर. नवरा गेल्यापासून ती लग्नाच्या खरेदीत दुकानाचा उंबरा ओलांडत नव्हती. रंगनाथनं तिच्या मोकळ्या नाकाकडं पाहिलं.

“थोरलीला आता...”

“थोरलीला काय? नाक न्हाई तिला?”

रंगनाथनं पेटीतला एक नवा खडा काढला आणि दारातल्या उन्हात दोन्ही शेजारी धरले. नवा जवसाच्या दाण्याएवढा, पण आढ्यावर नुसत्या ठिणग्या उडवायला लागला. आईचा चांगला हरभऱ्याच्या डाळीएवढा, अन् मिठाच्या खड्यासारखा ढिम्म. तानुबाईनं पुढं वाकून विचारलं,

“खोटा हाय का?”

“अस्सल हाय, पण चपटा. उजेड वरून शिरतो अन् बुडातून निसटून जातो. खालून नीट उतार देऊन पैलू पाडले की तोच उजेड आतून माघारी फिरतो. सुरतेहून करून आणतो. घटंल, पण लय चमकंल. दोन केले तर पापुद्रे निघतील. दोघीच्या बी नाकात आंधळे.”

कावेरीची नजर आढ्यावरून हलत नव्हती. पोरीचा तरी काय दोष, लग्न तिचं. तानुबाईनं ते पाहिलं, आणि पायरीवरची पाठमोरी मनकर्णाही पाहिली.

मग तिनं स्वतःच्या नाकातली चमकी फिरवून काढली. नवऱ्यानं, किशनरावांनी हौसेनं आणलेली, बारीक पण लखलखीत. ती कावेरीच्या हातावर ठेवली.

“ही चमकती, तू घे. आईचा हिरा सुरतेला जाऊ द्या. थोरलीसाठी.”

“अन् तुमी?” रंगनाथ म्हणाला. “सवाष्णीनं मोकळं नाक ठेवायचं?”

“भोक बुजू नये म्हनून कडुलिंबाची काडी घालते. मनकर्णे, आत ये.”

“आई, माझं भोक कवाच बुजलंय. लोक काय म्हणतील?”

“म्हणू दे. रंगनाथ, सुई काढा.”

रंगनाथनं सुई हातात घेतली, पण तो उगाच थांबला. मनकर्णेनं उंबरा ओलांडला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते टोचायच्या आधीच.

संध्याकाळी तिघी पेडगावच्या एस.टी.त बसल्या. कावेरीच्या नाकात चमकी, मायलेकींच्या नाकात लिंबाची एकेक काडी. पुढच्या बाकावरची बाई कितीतरी वेळ वळून वळून बघत होती.

“नवस हाय का वो मायलेकीचा?”

“न्हाई,” तानुबाई म्हणाली. “हिरा यायचाय.”