दोन बोटं माया

“आत दोन बोटं माया सोड गो, बायकांचं अंग सुटतं,” शिवण शिकवताना आई म्हणायची. शैलजाचं लग्नातलं पोलकं आईनेच शिवलं आणि वचन घेतलं, “शिमग्याला देवीची पालखी दारी आली, की हेच घालून ओटी भर.” तीस वर्षं शैलजाने ते पाळलं. दोन बाळंतपणांनंतर एकेक टीप उसवली, पाळी गेल्यावर शेवटची. आता माया संपली होती आणि हूक लागत नव्हता. “अहो आई, नवं शिवा,” सून हसली, “तुमचे उपास देवाला पोचतात, पण साबुदाणा तुमच्याच अंगाला लागतो!” शैलजाही हसली. पण उसवलेल्या पट्टीतलं कापड अजून कोरं, गर्द हिरवं होतं. आईच्या टाक्यांच्या बारीक भोकांवरून तिने बोट फिरवलं. शिमग्याला तीन महिने होते. साबुदाण्याचा डबा सुनेला देऊन, पदर खोचून ती अनवाणी देवळाची घाटी चढायला निघाली.