धुरपताबाईंचा नकार

"लारी घ्यायची न्हाई," धुरपताबाई म्हणाल्या आणि सुपात ज्वारी घेऊन पाखडायला बसल्या.

त्यांचे दीर किसनराव ओसरीच्या खांबाला टेकून उभे राहिले. गावात हा माणूस कुणाचं ऐकत नसे, वहिनीपुढे मात्र त्याचा आवाज चढत नसे. मळ्याचा कारभार तिचा होता आणि तो तिनं बारा वर्षं चोख सांभाळला होता.

"वैनी, लढाई संपली. लष्कराच्या जुन्या लाऱ्या लिलावात निघून राहिल्या. परवा शुक्कारी जबाब द्यायचाय. गेल्या साली खळ्यावर ज्वारी भिजून काळी पडली, तुमी पाह्यली ना? गाड्या हिंगोलीच्या मोंढ्यात माल विकून येईस्तोवर चार दिस जातात."

"पाह्यली."

"अन् औंदाबी भिजली तर? बियाण्यापुरतीसुदिक उरायची न्हाई. मग काहून नको?"

"सटवादादांच्या गाड्यांनी मग काय करावं?"

किसनराव खांब सोडून अंगणात उतरले. सटवाजी गाडीवानाचा विषय निघाला की त्यांना माघारच घ्यावी लागे. त्यामागचं कारण साऱ्या गोरेगावाला ठाऊक होतं.

बारा वर्षांपूर्वी कडब्याच्या गंजीत धुरपताबाईंच्या नवऱ्याला, हरिचंदरावांना, साप चावला. सासूबाई म्हणाल्या, मारुतीच्या पारावर निजवा, मंत्र घाला, उतरेल. धुरपताबाई तेव्हा पाच दिवसांच्या बाळंतीण. खोलीबाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. त्यांनी दाराआडूनच सांगितलं, हिंगोलीच्या दवाखान्यात न्या.

"देवाच्या दारातून उठवून नेतीस?" सासूबाई कडाडल्या. "वाटंत माझ्या लेकाचं काही झालं, तर लेकरासकट घराबाहेर काढीन तुला."

धुरपताबाई हटल्या नाहीत, पण मग गाडीबरोबर जायला कुणी धजेना. सटवाजीनं एकट्यानं बैल जुंपले.

दुसऱ्या दिवशी तो देह घेऊन परतला. "दवाखान्यात पोचलो व्हतो," त्यानं सांगितलं. "डाक्तरनं सुई टोचली, लई झटला. पर यश न्हाई आलं."

सासूबाईंनी ऊर बडवून घेतला, पण डॉक्टरनंच हात टेकले म्हटल्यावर सुनेला बोल कसा लावणार? पुढं त्यांनीच तिच्या हाती किल्ल्या दिल्या. गेल्या चैत्रात त्या वारल्या.

सटवाजीचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत, असं धुरपताबाई म्हणत, आणि म्हणताना त्यांचे डोळे खरोखरच भरून येत. सणाचं पहिलं ताट त्याच्या घरी जाई. त्याच्या चुलीसाठी सरपणसुद्धा मळ्यातूनच जाई.

गुरुवारी सकाळी सटवाजी ओसरीवर आला. बसला नाही.

"बाई, लारी घ्या."

"किसनभावजींनी धाडलं का तुमाला?"

"न्हाई. माझ्यापायी मळ्याची ज्वारी सडून राहिली, ते बघवत न्हाई. ज्या उपकारासाठी तुमी अडून बसल्या, तो म्या केलाच न्हाई." त्यानं मुंडासं काढून हातात घेतलं. "मालक नरसीच्या अलीकडंच गेले. दवाखाना त्यांनी पाह्यलाच न्हाई. म्या गाडी लिंबाखाली सोडून रडत बसलो अन् तितूनच माघारी फिरलो. बैल किती पळतील, बाई? त्या दिशी लारी असती तर मालक वाचले असते."

धुरपताबाई उठून आत गेल्या. त्यांनी चहा आणला आणि कप त्याच्या हातात दिला.

"बरं. लारी घेऊ," त्या म्हणाल्या. "पण डायवरच्या बाजूला तुमी बसायचं. मोंढ्यात माल तुमीच उतरवून घ्यायचा. बैल तुमच्या दारात राहतील, त्यांचा कडबा मळ्यातून येईल."

"पर बाई, बारा वर्सं खोटं बोललो म्या तुमाला. त्याचं काय?"

"त्या खोट्याचेच तर उपकार हायेत, दादा. बाळ तीन महिन्यांचं झालं, तवा माहेरच्या गाडीनं मी हिंगोलीला गेले होते, त्या डाक्तरच्या पाया पडायला. त्यानं वही चाळून सांगितलं, बाई, असा रोगी इथं आलाच न्हाई."